फक्त लग्न झालेल्या बायकांसाठी

दोन वाजून दहा मिनिटं झाली तरी बेल वाजेना, तेव्हा बेलच बिघडली असणार असं म्हणून मी दार उघडलं, बाहेर गेले आणि स्वतःच्या घराची बेल स्वतःच दाबून बघितली. चांगली ठणठणीत वाजली. माझ्या अंगावर काळी चंद्रकळा, गळ्यात हलव्याचा हार आणि हलव्याचंच मंगळसूत्र, दंडात बाजूबंद, कमरेला पट्टा, कपाळावर बिंदी, सगळं हलव्याचं. पायांत मात्र लोकरीचे मोजे, कारण बाहेर उणे चौदा होतं. अशा थाटात मी जिन्यात उभी राहून दुसऱ्यांदा बेल दाबत होते आणि खालच्या मजल्यावरची म्हातारी कठड्याला धरून वर आली.

"घरात कुणी आहे का?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "मीच आहे."

हे १९९७ सालचं. गाव स्वीडनमधलं, व्हेस्टेरोस. मी चोवीस वर्षांची, इचलकरंजीची. माझी लग्नानंतरची पहिली संक्रांत होती आणि मी हळदीकुंकू ठेवलं होतं. हसू नका. त्या अख्ख्या गावात मला ओळखणारं माणूस म्हणजे वाण्याच्या दुकानातली गल्ल्यावरची पोरगी, आणि तीही मला फक्त "पिशवी पाहिजे का" एवढंच विचारायची.

नवरा होता. म्हणजे कागदावर होता. मे महिन्यात लग्न झालं, ऑगस्टमध्ये मला इकडे आणलं आणि ऑक्टोबरात एका सकाळी चहा पिता पिता त्यानं सांगितलं की स्टॉकहोममध्ये त्याचं एक घर आहे, घरात एक बाई आहे, आणि तीन वर्षांची एक मुलगी आहे. आईच्या हट्टापायी लग्न केलं म्हणाला. त्याच्या आईला सगळं ठाऊक होतं. मार्चपर्यंत तू इथे राहा, पुढचं पुढे बघू, असं म्हणून दोन बॅगा घेऊन गेला. तोवर मी त्याला "अहो" म्हणायची. त्या दिवशी दार लागल्यावर पहिल्यांदा "मेल्या" म्हटलं, तेही हळूच, कुणी ऐकेल म्हणून. ऐकणारं होतं कोण!

घरी मी हे सांगितलं नव्हतं. वडील लवकर गेले. आईनं मागांच्या कारखान्यात सूत कांड्यांवर भरून भरून आम्हा दोघी बहिणींना वाढवलं. धाकट्या शैलाचं स्थळ हुपरीकडं जमत आलं होतं, पुढच्या महिन्यात सुपारी फुटणार होती. थोरलीला नवऱ्यानं टाकली हे कळलं तर धाकटीला कोण करून घेणार? म्हणून दर रविवारी फोन केला की मी सांगायची, "हे जरा बाहेर गेलेत." आमच्या घरी फोन नव्हता. आई कोपऱ्यावरच्या शहाकाकांच्या औषधाच्या दुकानात येऊन बसायची आणि खोकल्याचं औषध न्यायला आलेल्या चार माणसांसमोर माझ्याशी बोलायची. तिथे काय विचारणार आणि मी तरी काय सांगणार?

डिसेंबरात तिनं पार्सल पाठवलं. चंद्रकळा आणि तिनं स्वतः केलेले हलव्याचे दागिने. शेगडीपाशी बसून एकेका दाण्याला काटा आणलेला. कापसात, मग वर्तमानपत्रात, मग पत्र्याच्या डब्यात. एक दाणा फुटला नव्हता. जावयाचा हार आणि नारळ मात्र डब्यात नव्हता. गडबडीत राहिला असेल, असं मी म्हटलं, आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. आला असता तर कुणाच्या गळ्यात घालणार होते? खिडकीच्या?

फोनवर आई म्हणाली होती, "दागिने घातलेला फोटो पाठव गं." मी मनात म्हटलं, झालं, हुपरीच्या पाहुण्यांना दाखवायचा असणार. मग मी डोकं लढवलं. हळदीकुंकू ठेवायचं. चार गोऱ्या बायका कपाळाला कुंकू लावून आजूबाजूला बसवायच्या, मधे मी. फोटोत नवरा का नाही? कारण फोटो तोच काढतोय! माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली होती.

बायका आणायच्या कुठून? आमच्या इमारतीच्या तळघरात कपडे धुण्याची एक सामायिक खोली होती. तिथल्या फळ्यावर आपापली वेळ लावायची आणि यंत्रं वापरायची. इमारतीतली माणसं एकमेकांशी बोलत नसत, त्या फळ्यावर चिठ्ठ्या लावत. मीही डिक्शनरी घेऊन बसले आणि चिठ्ठी लावली. रविवारी दुपारी दोन वाजता, तिसरा मजला, भारतीय सण, कॉफी आणि गोड. फक्त लग्न झालेल्या बायकांनी यावं. नवरे आणू नयेत.

ती चिठ्ठी आता म्हातारीच्या हातात होती.

"ही तुझी ना? मी काढून आणली," ती म्हणाली. "खाली लोकांनी काय लिहिलंय ते वाचलंस?"

मी वाचलं नव्हतं. माझ्या अक्षराखाली पेन्सिलीनं एकीनं लिहिलं होतं, 'लग्न न करता एकत्र राहणाऱ्या चालतील का?' त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'हे १९९७ साल आहे.' आणि अगदी तळाशी, 'तारीख उलटल्यावर कागद काढून टाकावा.'

माझे कान तापले. मला काय ठाऊक, या लोकांत तसं विचारणं म्हणजे दारात उभं राहून जात विचारल्यासारखं! आमच्याकडं लहान पोरीलाही कळतं, हळदीकुंकवाला कोण बोलवायची आणि कोण नाही.

"मी लग्न झालेली नाही," म्हातारी म्हणाली. "होते. नवरा मेला. पण चिठ्ठीत कॉफी लिहिलंय."

तिचं नाव एल्फ्रीडे. सत्तरीच्या पुढची, काटक, केस कानाबरोबर कापलेले. ती मूळची जर्मन. आमचं बोलणं अर्धं स्वीडिश, अर्धं इंग्रजी, उरलेलं हातवाऱ्यांचं होतं. मी इथे सगळं सरळ मराठीत सांगते. दारातच तिनं बूट काढले आणि आत येऊन मांडलेल्या सात खुर्च्यांकडं बघितलं. सात कप, सात बशा, सात वाट्यांत तिळगूळ, आणि वाण म्हणून द्यायला सात लाकडी कालथे, प्रत्येकाला लाल रिबीन.

"हे काय?"

"गिफ्ट," मी इंग्रजीत म्हटलं.

ती खुर्चीत बसून हसायलाच लागली. चिठ्ठीतल्या शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "हा बघ, तोच शब्द. अक्षरं तीच."

ते मला माहीत होतं. आल्या आल्या एका सरकारी कागदावर मला तो शब्द भेटला होता. चौकट होती, पुढं लिहिलेलं गिफ्ट. मला वाटलं, वा, नवीन आलेल्यांना काही भेट देतात वाटतं. नवरा हसला होता. अगं, इथं त्याचा अर्थ लग्न झालेली. लिहायचं गिफ्ट, म्हणायचं यिफ्त. मी ऐटीत फुली मारली होती.

"माझ्या भाषेत त्याचा अर्थ विष," एल्फ्रीडे म्हणाली. "सत्तेचाळीस साली मी इथे आले. कारखान्यात नोकरीचा कागद भरताना विचारलं होतं, गिफ्ट? मी म्हटलं, देवा, यांना वाटतं जर्मन बाई खिशात विष घेऊन फिरते. मी लिहिलं, नाही. मग काय! कारखान्याच्या वहीत दोन वर्षं बिनलग्नाची. मुकादम मला नाचायला बोलवायचा, आणि निल्स, माझा नवरा, संतापायचा." तिनं डोळे पुसले. "स्वीडिशमध्येही विषाला तोच शब्द आहे बरं का. लग्न आणि विष, दोन्हीला एकच."

"आमच्यात तिन्हीला तीन शब्द आहेत," मी म्हटलं. "त्यामुळं कळायला वेळ लागतो."

ती पुन्हा हसली. मीही हसले. ऑक्टोबरानंतर मी हसले नव्हते हे मला तेव्हा कळलं.

अडीच वाजले. दुसरं कुणी आलं नाही. बाहेरचा उजेड पिवळा पडायला लागला. तिथं जानेवारीत साडेतीनला दिवस संपतो.

"चल, सुरू कर," एल्फ्रीडे म्हणाली. कपाळ पुढं केलं. "लाल कुठे आहे?"

माझा हात करंड्याकडं गेला आणि तिथंच थांबला. सांगायला लाज वाटते, पण थांबला. तीन महिने नवऱ्याशिवाय एकटी पडलेली मी, समोर एकुलती एक पाहुणी, आणि माझ्या डोक्यात काय, तर ही विधवा आहे.

"तुम्हाला नाही लावत," मी म्हटलं. "म्हणजे आमच्यात. नवरा गेलेल्या बाईला नाही लावत."

तिला राग आला नाही. तिनं माझ्या गळ्यातल्या हाराकडं बोट दाखवलं. "हे साखरेचं कुणी केलं?"

"आईनं."

"ती लग्न झालेली?"

"नाही. म्हणजे वडील गेले. मी नऊ वर्षांची होते."

"मग ती तुझ्या या पार्टीत कुठे बसते?"

"बसत नाही. स्वयंपाकघरात असते. बशा भरून देते." मग उगाच पुढचंही बोलून गेले. "माझ्या लग्नातही ती दाराआडच उभी होती. मला कुंकू काकूनं लावलं."

एल्फ्रीडेनं मान हलवली, आपली कपबशी उचलली. "मग मी तिच्याबरोबर बसते. स्वयंपाकघर इकडेच ना? माझ्याकडं पण इकडेच आहे." आणि गेली. रुसून नाही, फुरंगटून नाही. रेल्वेत जागा बदलावी तशी गेली.

बाहेरच्या खोलीत मी आणि सात खुर्च्या. एकही कप उष्टा नाही. मी हळद बघितली, कुंकू बघितलं. आमच्याकडं या दिवशी दाराशी चपलांचा ढीग पडतो, बायका एकमेकींच्या साड्यांना हात लावून बघतात, कुणाचं पोर तिळगूळ सांडतं. मला फार एकटं वाटलं. पण फोटो काढायचा होता. उजेड जायच्या आत काढायला हवा होता.

"एल्फ्रीडे," मी हाक मारली. "जरा या. एवढं बटण दाबा फक्त."

ती आली. कॅमेरा हातात घेतला. मी खुर्चीत सावरून बसले, पदर पुढं घेतला, लाकडी कालथे दिसतील असे मांडले.

"हा फोटो कुणाला?"

"आईला."

"आणि कुणी काढला म्हणून लिहिणार?"

माझ्या तोंडून निघून गेलं. "माझ्या नवऱ्यानं."

तिनं कॅमेरा खाली ठेवला. टेबलावर, अगदी जपून.

"तुझा नवरा ऑक्टोबरपासून इथे नाही. मी तुझ्या खाली राहते. वर एकाच माणसाचे पाय चालतात. सकाळी एकदा नळ, संध्याकाळी एकदा नळ. काही दिवस तर पायही चालत नाहीत, तेव्हा मी झाडूच्या दांड्यानं छत वाजवावं का असा विचार करते."

बिंदीचा एक दाणा निखळून मांडीवर पडला.

"बहिणीचं लग्न व्हायचंय," मी म्हटलं. "हे कळलं तर मोडेल. आईनं जन्मभर राबून... तुम्हाला नाही कळायचं. एकदा दाबा ना बटण. पाया पडते."

"मी निल्स व्हायला तयार नाही," ती म्हणाली.

मग ती माझ्यासमोर बसली. निल्स हा मदतीचे ट्रक घेऊन जर्मनीत आलेला ड्रायव्हर. तिला इकडे घेऊन आला आणि चौथ्या वर्षी कामाला म्हणून नॉर्वेला गेला, तो परत आलाच नाही. एकाहत्तर साली तिकडून तो मेल्याचा कागद आला. "कागदावर चोवीस वर्षं लग्न. घरात चार," ती म्हणाली. तिची आई तिकडे पूर्व जर्मनीत, मधे सीमा बंद. दर महिन्याला एक पत्र. प्रत्येक पत्रात एल्फ्रीडे लिहायची, निल्स मजेत आहे, आज बाहेर गेलाय, म्हणून सही नाही.

"तिला कशाला दुःख द्यायचं? ती काय करणार होती? मला वाटायचं, मी तिला भेट पाठवतेय. चांगल्या बातमीची." तिनं टेबलावरचा एक कालथा उचलून परत ठेवला. "मग आईची पत्रं लहान व्हायला लागली. ती विचारायची थांबली. मी विचारायची थांबले. खोटं एका जागी ठेवलं ना, की त्याच्या आजूबाजूचंही काही बोलता येत नाही. शेवटी आम्ही फक्त हवामान लिहायचो. इकडे बर्फ पडला. तिकडे सफरचंदाला मोहोर उशिरा आला. तिच्या गावचं तीस वर्षांचं हवामान मला पाठ आहे. ती कशानं मेली ते मला माहीत नाही."

खिडकीबाहेर कुणीतरी फावड्यानं बर्फ ओढत होतं.

मी उठले. करंडा घेतला. तिच्या कपाळावर आधी हळद, मग कुंकू लावलं. थोडं तिच्या नाकावर सांडलं. तिळगूळ दिला, कालथा दिला. "गोड बोला," मी मराठीतच म्हटलं. तिनं तिळगूळ चावला, तो दगडासारखा झाला होता, कारण गूळ मिळाला नव्हता आणि मी साखर जाळली होती.

"फार वाईट झालाय," ती गोड आवाजात म्हणाली. मग करंडा माझ्या हातातून घेतला आणि मला लावलं. अंगठ्यानं, चांगलं रुपयाएवढं.

चार वाजले. म्हणजे इचलकरंजीत साडेआठ. फोनची वेळ. एल्फ्रीडे उठून, सगळे कप गोळा करून स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतलं. मी आकडे फिरवले. पहिल्यांदा चुकले.

"बोल गं वैजू," आईचा आवाज. मागं शहाकाका कुणाला तरी गोळ्या दिवसातून तीनदा घ्यायला सांगत होते. "घातलेस काय दागिने?"

"घातले. आई, हे..."

"बाहेर गेलेत," आई म्हणाली.

मी म्हटलं, "नाही. ते इथं राहत नाहीत. ऑक्टोबरपासून. त्यांचं दुसरं घर आहे, आई. मूल आहे. मला टाकलंय." सगळं एका दमात, वाट्याला आलेलं कडू औषध गिळावं तसं.

आई माझ्याशी बोलली नाही. ती दुकानातल्या लोकांशी बोलली. "ओ शहाकाका, जरा सगळ्यांना पायरीवर उभं करा. मला माझ्या लेकीशी बोलायचंय." चपला सरकल्याचा आवाज आला.

"आता बोल," ती म्हणाली. "किती उशीर केलास गं. मी दिवाळीपासून थांबलीया."

"तुला माहीत होतं?"

"एवढ्या बर्फात दर रविवारी माणूस बाहेर कशाला जाईल? पहिल्या दिवाळीला जावयाचा साधा नमस्कार नाही. मी सूत भरते, वैजू. धागा कुठं तुटला ते हाताला कळतंय."

"मग विचारलं का नाहीस?"

"या दुकानात? आणि तुझ्या तोंडून आलं असतं, तर तू परत यायला मोकळी झाली असतीस. मी काढून घेतलं असतं, तर लाजली असतीस."

"आणि शैला? हुपरीचे पाहुणे?"

"त्यांना मी नाताळातच सांगितलं. थोरलीचं असं असं झालंय, बघा, पटत असलं तर पुढं या. दोन दिवस विचार केला आणि आले." तिचा आवाज जरा चढला. "तुझ्या वेळी त्या लोकांनी आपल्यापासून लपवलं. आता मी दुसऱ्याच्या घरात लपवून मुलगी देऊ होय? मग त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?"

मी जमिनीवरच बसले. तीन महिने जे सांभाळत होते, ते सांभाळायला कुणी मला सांगितलंच नव्हतं. रडू आलं, आणि रडता रडता भलतंच आठवलं.

"आई, पार्सलमध्ये त्यांचा हार नव्हता. नारळ नव्हता. मला वाटलं तू विसरलीस."

"मी कधी काय विसरले का?" आई म्हणाली. "केला होता. तुझे आणि जावयाचे, दोन्ही केले होते. डबा बांधताना तुझेच ठेवले. जावयाचे गल्लीतल्या पोरांना वाटून टाकले." मग नाक ओढून म्हणाली, "रडू नको. कुंकू लावलंयस का? फोटोत दिसाय पाहिजे."

"लावलंय."

"कुणी लावलं?"

"खालच्या मजल्यावरच्या बाईंनी."

"सवाष्ण आहेत?"

स्वयंपाकघरात एल्फ्रीडे कप विसळत होती. वापरलेला एकच होता, पण ती सातही विसळत होती.

"नाही," मी म्हटलं. "नवरा जाऊन पंचवीस वर्षं झाली."

फोनवर तिकडचे आवाज आले. रस्त्यावरून एक मोटरसायकल गेली, पायरीवर कुणीतरी खोकलं.

"असं चालतंय होय गं?" आई हळू आवाजात म्हणाली. "मग तुझ्या लग्नात मीच लावलं असतं की."